साळवे बाईंची हजेरी

“सतरा!”

“हॅज गॉन, बाई!”

“अठरा!”

“हॅज गॉन, बाई!”

“एकोणीस! अरे, घसे बसले का तुमचे? एकोणीस!”

“हॅज गॉऽऽन, बाई!”

माझ्या नोकरीचा तो पहिला दिवस. पी.टी.चा शिक्षक म्हणून मी मैदानावर उभा होतो, तोंडात नवीकोरी शिट्टी. दहावीच्या वर्गातून तो गलका उठला, तीन कोसांवरच्या खर्ड्याच्या किल्ल्याला धडकला आणि माघारी येऊन माझ्या कानावर असा आदळला, की शिट्टी गिळता गिळता वाचलो. लिंबावरचे पोपट उडाले ते थेट बीड जिल्ह्यात जाऊन उतरले. उतरताना मी पाहिले नाहीत, पण परत आले नाहीत हे खरं.

मला वाटलं, तीन पोरं ओळीनं दगावली. धावत वर्गाच्या दारात गेलो. निम्मे बाक रिकामे. टेबलापाशी उंचीनं पाच फुटांच्याही आतली एक बाई, निळ्या काठाची पांढरी साडी, हातात हजेरीपट. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, “नवे पी.टी. सर का? घाबरू नका. मेलं कुणी नाही. ऊस तोडायला गेलेत.”

ह्या साळवे बाई. इंग्रजी शिकवायच्या. बेलापूरच्या, म्हणजे श्रीरामपूरकडच्या, कालव्याच्या आणि उसाच्या मुलखातल्या. जिथं ऊस पिकतो तिथून त्या आल्या होत्या, आणि जिथली माणसं तो तोडायला जातात त्या आमच्या कोरड्या जामखेड तालुक्यात शिकवत होत्या. एवढ्या साखरेच्या गावची बाई, पण चहा बिनसाखरेचा. कारण विचारलं तर म्हणाल्या, “लहानपणी मळीचा वास इतका खाल्लाय, की जन्माची साखर पोटात जमा आहे.” वडील उसाच्या शेतावर मजूर होते. छप्पन्न साली बौद्ध झाल्यावर त्यांनी घरातली देवळी रिकामी केली आणि तिथं बाईंच्या मोठ्या बहिणीची पाटी-पुस्तकं ठेवली. “आमच्याकडं दिवा पुस्तकांपुढं लागायचा,” बाई सांगायच्या. “त्यामुळं तेल फुकट जाऊ नये म्हणून अभ्यास करावाच लागला.”

माझं इंग्रजी त्या काळी असं होतं, की इंग्रज परत आले असते तर ऐकून पुन्हा पळाले असते. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत बिनसाखरेच्या चहावर बाईंनी माझा वर्ग घेतला.

“ढवळे सर, इंग्रजीत ‘जाणे’ या एका घरात दोन जावा नांदतात. एक गॉन, दुसरी बीन. हॅज गॉन म्हणजे गेला, आणि अजून तिकडंच आहे. हॅज बीन म्हणजे जाऊन आला. दावं रिकामं असलं तर बैल हॅज गॉन टू बाजार. संध्याकाळी बैल दाव्याला रवंथ करतोय, तर हॅज बीन टू बाजार.”

“आणि बाजारात विकला गेला तर?”

“तर गॉनच. पण म्हणून दावं लगेच सोडून टाकायचं नाही.”

मग त्यांनी दोघी जावांचे मानपान सांगितले. किती वेळा ते मोजायचं असेल तर बीनच. “पाच वेळा जाऊन आलेला माणूस भेटतो, सर. पाच वेळा गेला आणि एकदाही आला नाही, असा कुठं भेटेल?” ‘कधी’ आणि ‘कधीच नाही’ हेही बीनच्या माहेरचे. मुंबईला कधी गेला आहेस का, असं विचारताना गॉन चालत नाही. स्वतःबद्दल तर ‘आय हॅव गॉन’ म्हणायचंच नाही. “गेला असाल तर इथं बोलतंय कोण? भूत?”

मी म्हणालो, “टू कुठं कुठं लावायचं तेवढं सांगा. मी सगळीकडं लावून टाकतो.”

“गावाच्या आधी लावायचं. गॉन टू नगर, बीन टू नगर. होमच्या आधी मात्र नाही. गॉन होम.” बाई खिडकीबाहेर बघत होत्या. “घरी जायला कुणाला वाट विचारावी लागत नाही ना, म्हणून.”

तेव्हा मला हे वाक्य नुसतं व्याकरण वाटलं. मी पी.टी.चा माणूस. मला कळायला घंटा होऊन तास संपावा लागतो.

बाईंकडं एक वही होती. दोनशे पानी, खाकी कव्हराची. दसरा झाला की टोळ्या निघायच्या. जाणारं प्रत्येक पोर आधी बाईंपुढं येऊन उभं राहायचं आणि कुठल्या गावाला, कुठल्या मुकादमाच्या टोळीत चाललोय ते सांगायचं. बाई डाव्या पानावर इंग्रजीत लिहायच्या, अमका हॅज गॉन टू अमुक गाव. उजवं पान कोरं. टोळी परत आली, की अंगावरची धूळ झटकायच्या आधी पोरानं शाळेत यायचं आणि उजव्या पानावर, त्याच ओळीसमोर, आपल्या हातानं लिहायचं, आय हॅव बीन. गावात माणूस परतला की आधी मारुतीला जातो. आमच्या गावची पोरं आधी वहीला जायची. आणि मधले सगळे महिने बाई रोज त्यांचा नंबर पुकारायच्या, आणि मागे राहिलेल्या पोरांनी त्यांच्या वतीनं ओरडायचं. हळू ओरडलं तर बाई पुन्हा पुकारायच्या. “तिकडं उसाच्या फडात ऐकू गेलं पाहिजे,” म्हणायच्या.

मी एकदा ती वही चाळली. काही ओळींची उजवी बाजू कोरीच राहिली होती. बाई दर साली नवी वही करायच्या आणि त्या ओळी पहिल्या पानावर उतरवून घ्यायच्या.

“हा कोण, बाई?”

“चार वर्षांपूर्वीचा बारा नंबर. हस्ताक्षर फार चांगलं होतं.”

“आता कशाला येतोय?”

“तुम्ही त्याच्या जागी बसणार आहात का, सर? नाही ना? मग जागा राहू द्या त्याची.”

माझं तिसरं वर्ष होतं तेव्हा दहावीला एकवीस नंबरला संगीता होती. हाडकुळी, काळी, डोळे असे की फळ्याला भोक पडावं. तिला नर्स व्हायचं होतं. अंगातल्या हाडांची इंग्रजी नावं तिनं बाईंकडून लिहून घेतली होती, आणि मधल्या सुट्टीत माझ्या हाताची हाडं मोजून एक कमी भरतं असं मला सांगितलं होतं. मी आठ दिवस जेवताना हात चाचपत होतो. बोर्डाचा फॉर्म भरून झाला आणि आई-बापाबरोबर तीही गेली. इंग्रजीचं पुस्तक पिठाच्या डब्यात घालून नेलं. डाव्या पानावर बाईंनी लिहिलं, संगीता हॅज गॉन टू राहाता.

जानेवारीत तपासणी आली. आमचे हेडसर भला माणूस, पण तपासणीचं पत्र आलं की त्यांच्या धोतराला आधी घाम सुटायचा आणि मग अंगाला. पटावर पोरं कमी दिसली तर तुकडी जाते, आणि तुकडी गेली की एका शिक्षकाची भाकरी जाते. ती भाकरी माझी होती, कारण मीच सगळ्यांत नवा. हेडसरांनी एका दुपारी खोलीचं दार लावून हजेरीपटावर सगळी गैरहजर पोरं हजर करून टाकली. मग दहावीच्या वर्गाला पढवलं, की साहेबांनी रिकाम्या नंबरला हाक मारली की शेजारच्यानं ‘येस सर’ म्हणायचं.

बाई एवढंच म्हणाल्या, “सर, पोरं ऐनवेळी विसरतील.”

“छडीपुढं कोण विसरतो हो, बाई?”

साहेब आले. उंच, करकरीत बूट, आवाज रांजणातून आल्यासारखा. खुर्चीवर बसले आणि स्वतः हजेरी घ्यायला लागले. एक, दोन, तीन. येस सर, येस सर, येस सर. हेडसरांचा जीव भांड्यात पडत चालला होता. साहेब म्हणाले, “तेरा.”

तेरा नंबर श्रीगोंद्याला. शेजारच्या पोरानं तोंड उघडलं. पण तीन महिने रोज सकाळी ज्या ठिकाणी सगळ्या वर्गानं ओरडायचं, त्या ठिकाणी एकटा कसा ओरडेल? अख्खा वर्ग उठला.

“हॅज गॉन, साहेब!”

साहेबांचा पेन उडाला. “कुठं?”

“टू शुगरकेन!”

मग थांबवणार कोण? चौदा, हॅज गॉन. सतरा, हॅज गॉन. एकवीस, हॅज गॉन टू राहाता, साहेब! पोरांना वाटलं, आज इंग्रजीची परीक्षा आहे आणि आपण लई भारी चाललोय. हेडसरांनी भिंतीवरच्या भारताच्या नकाशाला टेकून जो हात ठेवला, तो खाली येईपर्यंत महाराष्ट्र ओला झाला होता.

साहेबांनी पट मिटला. “इंग्रजी बरोबर आहे,” म्हणाले. “पट चुकीचा आहे.”

माणूस वाईट नव्हता. तुकडीला हात लावला नाही. पण गैरहजर नावं कमी करा म्हणून लिहून दिलं, आणि दहावीच्या पोरांना आठ दिवसांची मुदत दिली. आठ दिवसांत शाळेत हजर, तर नाव पुन्हा पटावर. नाहीतर हॉलतिकीट बोर्डाला परत. दहावीची पाच पोरं बाहेर होती. चौघं जवळच्या कारखान्यांवर होती, ती निरोपासरशी ट्रकवर बसून आली. उरली एकवीस नंबर.

दोन निरोप पाठवले, एक पत्र टाकलं. उत्तर नाही. आठातले सहा दिवस गेले. शनिवारी शाळा सुटताना बाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. “ढवळे सर, उद्या पहाटेची पहिली गाडी. तुम्ही नुसते बरोबर चला. बोलायचं मी बघते.” नुसतं चला म्हटलं म्हणून मी गेलो. त्यांनी पायी चला म्हटलं असतं तरी गेलो असतो, पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आणि आता सांगतोय ते तुम्हीही विसरा.

जामखेड, नगर, राहाता. तीन गाड्या बदलल्या. दुसऱ्या गाडीत माझ्या मांडीवर एका बाईनं कोंबडं ठेवलं, ते उतरताना मला सोडायला तयार नव्हतं. राहात्याच्या स्टँडवर उतरलो तर समोर श्रीरामपूरची गाडी सुटायच्या बेतात. बाई तिच्या पाटीकडं बघत उभ्या राहिल्या. बेलापूरला त्यांची आई एकटी होती.

“ह्या गाडीनं मी तासा-दीड तासात घरी असते,” बाई म्हणाल्या. गाडी सुटली. धूळ बसेपर्यंत त्या तिथंच होत्या. मग पदर खोचला. “चला. आपलं गिऱ्हाईक फडाकडं आहे.”

उसाच्या वाढ्यांच्या पाल्यानं शाकारलेल्या तीस-चाळीस झोपड्या, म्हणजे कोपी. मोळ्यांनी भरलेल्या गाड्या, धूर, कुत्री. एका कोपीपुढं चुलीशी संगीता बसलेली, काखेत दोन वर्षांचा भाऊ. बाईंना पाहताच ती उठली, पोर कडेवर सावरलं, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “प्रेझेंट, बाई.”

बाई खाली बघून चप्पल झटकायला लागल्या. चपलेत काही नव्हतं.

बाप फडातून आला. कोयता खाली ठेवला, हात जोडले. “बाई, तुमी एवढ्या लांब आल्या, लई झालं. पन आमी दोगंबी फडात. ह्यो पिंट्या कुनाच्या गळ्यात बांदू? मागल्या साली पलीकडल्या कोपीतलं लेकरू ट्रॅक्टरखाली गेलं. पोरगी हाय म्हनून ह्यो जित्ता हाय. परीक्षा काय, फुडल्या साली बी हुईल.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि पुढल्या साली होत नसते हे त्यालाही ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी दोन्ही हात पुढं केले.

“द्या इकडं. दोघंही नेते.”

पिंट्याची आई पुढं झाली. चेहऱ्यावर पाचटाची धूळ. “बाई, त्यो राती रडतो.”

“रडू द्या. माझी खोली फार गप असते.”

त्या माउलीनं पोराला कुंची घातली, काढली, परत घातली. शेवटी बाईंच्या हातात देऊन वळली आणि फडात चालायला लागली. कोयता विसरली होती. तो घ्यायला परत आली, पण पोराकडं बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर पिंट्या माझ्या पांढऱ्या बुटांवर दोनदा ओकला. सोमवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, हेडसरांनी आपल्या हातानं संगीताचं नाव पटावर घेतलं. संगीतानं वही मागितली आणि उजव्या पानावर लिहिलं, आय हॅव बीन टू राहाता.

मग परीक्षेपर्यंतचे दोन महिने. शाळेमागं विहाराजवळ बाईंची खोली होती. आत संगीता आणि बाई पुस्तकात, आणि शाळा सुटल्यावर उंबऱ्याबाहेर मी आणि पिंट्या. तो मला ‘शिट्टी’ म्हणायचा. बाई मधेच बाहेर येऊन माझ्यापुढं चहा ठेवायच्या, बिनसाखरेचा. मी आयुष्यात एवढा गोड चहा प्यालो नाही. आमच्या घरी तेव्हा माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं. आईनं वहीवर नावं उतरवली होती. त्या वहीत बाईंचं नाव येण्यासारखं नव्हतं, हे मला ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं, गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. एवढा बोलका मी, किल्ल्याला हलवून सोडणारा, पण त्या उंबऱ्यावर पोराला वाघाच्या गोष्टी सांगण्यापलीकडं तोंडातून काही निघालं नाही. वाघ मात्र मी सत्तेचाळीस मारले.

इंग्रजीच्या पेपराला बाईंनी मला केंद्राबाहेर लिंबाखाली पिंट्याला घेऊन बसवलं. त्यानं माझ्या गळ्यातली शिट्टी ओढली आणि छातीतली सगळी हवा लावून फुंकली. वेळ संपली समजून निम्म्या केंद्रानं पेन खाली ठेवले. संगीतानं ठेवला नाही. नंतर म्हणाली, “आमच्या पिंट्याची फुंकर मी वळखते, सर.”

एप्रिलच्या शेवटी टोळी आली. आईनं पिंट्याला उचललं, तर तो तिला ओळखीना. बाईंच्या पदरामागं लपला. बाईंनी त्याची मूठ एकेक बोट करून सोडवली आणि त्याला आईकडं दिलं. आत गेल्या, दार लोटलं. मी थोडा वेळ बाहेर उभा राहिलो. मग घरी गेलो.

जूनमध्ये निकाल लागला. संगीता पास झाली आणि पुढं नगरला नर्सिंगला गेली. त्याच आठवड्यात बाईंच्या बदलीचा कागद आला. शिक्षा वगैरे काही नव्हती. आईसाठी त्यांनीच चार वर्षांपूर्वी अर्ज केला होता, तो आता मंजूर झाला. चार वर्षं हा अर्ज त्यांच्या मनात होता आणि त्यातली तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून बैलाच्या दाव्यावर हसत होतो.

स्टँडवर पोचवायला मी गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. खाकी वही त्यांनी माझ्या हातात दिली.

“कोऱ्या ओळी पुढच्या वहीत उतरवून घ्या, सर. विसराल.”

“मी? बाई, माझी स्मरणशक्ती अशी आहे, की जन्मल्याचंसुद्धा मला आठवतं.”

त्या हसल्या. गाडी आली. मी ट्रंक टपावर चढवली, खाली आलो, आणि सांगायचं ते सगळं सांगायला तोंड उघडलं. खिडकीतून बाई म्हणाल्या, “बोला, सर. काही म्हणत होतात.”

“खर्ड्याच्या किल्ल्यावर काल वाघ दिसला म्हणतात,” मी म्हणालो.

“असं?” बाई म्हणाल्या. “किती मोठा?”

मी हातानं दाखवला. तेवढ्यात घंटी वाजली.

इंग्रजीचा नवा शिक्षक येईपर्यंत, नववीतून नुकत्याच आलेल्या दहावीची हजेरी माझ्याकडं आली. पहिल्या हजेरीच्या आदल्या संध्याकाळी मी वही काढली, कोऱ्या ओळी उतरवल्या. शेवटी डाव्या पानावर, माझ्या कोंबडीच्या पायांच्या इंग्रजीत, एक ओळ जास्तीची लिहिली. साळवे बाई हॅज गॉन होम. मधे टू घातलं नाही.

सकाळी वर्गात नंबर पुकारले. पावसाळा नुकताच लागलेला, टोळ्या सगळ्या गावात, एकही बाक रिकामा नाही. येस सर, येस सर. शेवटचा नंबर झाला. पट मिटायचा तर हात मिटेना. मी छाती भरून घेतली आणि किल्ल्यापर्यंत जाईल अशा आवाजात हाक मारली, “साळवे बाई!”

वाटलं, आता वर्ग उठेल आणि ओरडेल. तीन वर्षं रोज ऐकलेला तो गलका एकदा, फक्त एकदा, व्हावा.

पोरं एकमेकांकडं बघत होती. मग पहिल्या बाकावरची मॉनिटर मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, बाईंचं नाव आपल्या पटावर न्हाई.”